ओळीतली पहिली जागा

आमच्या गावाला गाव म्हटलं की हल्ली लोकांना राग येतो. शहर म्हणा, म्हणतात. म्हणू या. सांगली पंधरा-वीस मिनिटांवर आहे, कुपवाडच्या कारखान्यांत जाणारी कितीतरी माणसं आमच्याकडं भाड्यानं राहतात, आणि सकाळी सातला दुचाकींची अशी रीघ लागते की रस्ता ओलांडायला हात वर करून उभं राहावं लागतं. जिथं शाळूची रानं होती तिथं गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पडले. प्लॉटवर बंगले झाले, बंगल्यांच्या खालच्या मजल्यावर क्लास, दवाखाने आणि केकची दुकानं आली. ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली. एवढी उलथापालथ झाली तरी गुरुवारचा बाजार होता तिथंच भरत राहिला. जुन्या चावडीपासून हळदीच्या दुकानापर्यंत, रस्त्याच्या एका अंगाला, भाजीवाल्या बायकांची एक लांबलचक ओळ.

त्या ओळीतली पहिली जागा माझ्या आईची होती. हळदीच्या दुकानाच्या पायरीला लागून. स्टँडकडून येणारं गिऱ्हाईक सगळ्यांत आधी तिच्यापुढं यायचं. दुकानाचे मालक जैन, अबोल माणूस. आईची टोपली पायरीवर चढली तरी त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. नदीकाठी आमचं थोडंसं मळीचं रान आहे. तिथली वांगी, मेथी, पोकळा घेऊन आई चाळीसेक वर्षं त्या जागेवर बसली. मी अंगावर पीत होते तेव्हापासून मला ती जागा ठाऊक आहे. तिथल्या गोणपाटावर मी झोपले, तिथं बसून पाढे म्हटले, आणि शिक्षिकेची नेमणूक झाल्याचं पत्र आलं तेव्हा ते दाखवायलाही आधी तिथंच पळत गेले. आईला वाचता येत नाही. तिनं पत्र उलटसुलट करून बघितलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वांग्यांच्या टोपलीखाली ठेवलं.

हे सगळं आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच राहू नये.

मला त्या बाजाराचं कौतुक नव्हतं. खरं तर राग होता. बायका सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत उकिडव्या बसायच्या आणि साऱ्या बाजारात त्यांच्यासाठी एक मुतारी नव्हती. आई गुरुवारी पाणीच प्यायची नाही. तहान लागली तर नुसती चूळ भरायची. उन्हाळ्यात तिला लघवीला जळजळ व्हायची आणि डॉक्टर म्हणायचे, पाणी भरपूर प्या. नोकरीला लागल्यापासून मी आधी ग्रामपंचायतीला आणि मग नगरपंचायतीला एकाच मजकुराचे अर्ज करत आले. दर अर्जाची पोच घ्यायची आणि फायलीला लावायची, एवढंच माझ्या हातात होतं. फाईल जाड झाली. मुतारी काही झाली नाही.

म्हणून गावाच्या मध्यभागाचा नवा आराखडा तयार झाला आणि त्यात दुमजली मंडई आहे असं कळलं, तेव्हा सगळ्यांत जास्त हुरळले ती मीच. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये तो पडद्यावर दाखवला. रुंद रस्ता, फरशीचे फूटपाथ, गाड्या लावायला जागा, मंडईत खाली भाजीचे ओटे आणि वर दुकानगाळे. स्वच्छतागृहसुद्धा होतं, निळ्या रंगात, बाईचं चित्र काढलेलं. पडद्यावर हिरवीगार झाडं होती, पिशव्या घेतलेल्या सडपातळ बायका होत्या, साखळीला बांधलेलं एक कुत्रंसुद्धा होतं. विकणारं मात्र कुणीच नव्हतं. भाज्या आपल्या आपण येऊन ओट्यांवर बसल्यासारख्या रचलेल्या. आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आमी कुटं हाय ह्यात?"

"अगं, नमुना आहे तो," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवल्या.

ओटे कुणाला द्यायचे हे ठरवायला बाजारातल्या बायकांची मोजणी करायची होती. असली कामं आम्हा मास्तरांच्याच गळ्यात पडतात. माणसं मोजा, मतदार मोजा, शौचालयं मोजा, आता टोपल्या मोजा. एका जागेवर एक नाव, प्रत्यक्ष बसलेल्या बाईचा फोटो, आधारचा नंबर आणि जमिनीवर पिवळ्या रंगानं आकडा, असा नियम होता. आम्हा चौघींना बाजार वाटून दिला. माझ्याकडं आली ती नेमकी हळदीच्या दुकानाकडची बाजू. तिथं माझी आई बसते, मला दुसरी बाजू द्या, असं मी मुख्याध्यापकांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट मनात म्हटलं, बघू देत लोकांना, घरचं माणूस असूनही मी किती चोख काम करते ते.

आता त्या ओळीची एक रीत सांगायला हवी. ती कुठल्या आराखड्यात नव्हती, आणि बायकांनी ती कधी कुणाला समजावूनही सांगितलेली नव्हती.

एखाद्या बाईवर आभाळ कोसळलं, नवरा गेला, घर जळालं, आणि त्यानंतर ती पहिल्यांदा टोपली घेऊन बाजारात आली, की त्या दिवशी तिला ओळीतली पहिली जागा द्यायची. पहिल्या जागेवर भवानी लवकर होते. दिवसाची पहिली विक्री पटकन झाली की बाईला धीर येतो, आपलं चालेल असं वाटतं. पहिल्या जागेवर रोज बसणारी बाई त्या दिवशी तिच्या मागं बसते आणि तिचा तराजू धरते. आणि मुख्य म्हणजे, जागा माझी आहे असं तिनं त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. काढलं तर दिलेलं परत घेतल्यासारखं होतं. मोठा अपशकुन मानतात तो. पुढच्या गुरुवारी नवी बाई ओळीच्या शेवटाकडं जाते. कुणीतरी "सरका गं" म्हणतं, सगळ्याजणी वीतवीतभर सरकतात, आणि आणखी एक जागा तयार होते. चाळीस वर्षांत ती ओळ अशीच वाढत चावडीपर्यंत गेली होती.

मोजणीच्या गुरुवारी मी वही घेऊन पोचले तेव्हा आईच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. तिशी-बत्तिशीची. तिला मी ओळखत होते. तिचा नवरा स्टँडवर केळ्यांचा हातगाडा लावायचा, दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता. गाडा विकून टाकला होता आणि ती लिंबं, मिरच्या, कोथिंबीर घेऊन पहिल्यांदाच बसायला आली होती. पदर डोक्यावरून इतका पुढं ओढलेला की तोंड दिसत नव्हतं. आई तिच्या मागं, दुकानाच्या पायरीला पाठ लावून, हातात तराजू घेऊन बसली होती. आईची वांगी बाजूला गोणपाटाखाली झाकून ठेवलेली.

माझ्याबरोबर टेप घेतलेला एक ओव्हरसिअर होता आणि रंगाचा डबा घेतलेला नगरपंचायतीचा एक क्लार्क. क्लार्क आमच्याच गल्लीतला, आईला ओळखणारा. तो हसत म्हणाला, "बाई, आज तर तुमचं घरचंच काम. आक्कांचं पण घाला, हिचं पण घाला. दोन जागा धरू. कोण बघतंय?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. त्या वेळी माझं डोकं फिरलं. आजूबाजूला दहा-बारा बायका ऐकत होत्या, हळदीच्या दुकानातलं गिऱ्हाईक ऐकत होतं. मास्तरणीनं आईचं नाव घुसडलं, असं उद्या गावभर झालं असतं. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या आवाजात आईला विचारलं, "या जागेवर कोण बसतं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं असं मला आता वाटतं. तेव्हा मी वहीत बघत होते.

"ही बसलीया की," ती म्हणाली. "दिसंना व्हय? लिव हिचं नाव."

शेजारची म्हातारी चवळीच्या शेंगा निवडत होती, ती एकदम म्हणाली, "आवं आक्का, पर..."

"गप गं तू," आई म्हणाली.

मी लिहिलं. क्लार्कनं जमिनीवर पिवळा एक काढला. मी मोबाईलमध्ये फोटो घेतला. त्या फोटोत ती बाई घाबरून बघते आहे आणि तिच्या खांद्यामागून तराजूची दांडी धरलेला एक हात आला आहे. हाताच्या बांगड्यांवरून मला तो ओळखू येतो. बाकी आई फोटोत कुठंच नाही.

दुपारी चहाच्या टपरीवर क्लार्क सगळ्यांना सांगत होता, "मानलं बाईंना. सख्ख्या आईचं नाव घातलं न्हाई." दुसऱ्या दिवशी शाळेतही तेच झालं. मुख्याध्यापक म्हणाले, अशी माणसं कमी झालीत. मी वरवर नको नको म्हणत होते आणि आतून फुलून गेले होते.

मोजणीच्याच संध्याकाळी आईला म्हटलं, "यादी लागली की हरकत घेता येते. तेव्हा तुझं नाव घालू."

"घाल की," ती भाकरी थापत म्हणाली. "जागा काय पळून जातीया व्हय?"

तिचा भरवसा ओळीवर होता आणि माझा नियमावर. दोघीही शांत झोपलो.

यादी नगरपंचायतीच्या फळ्यावर लागली. हरकतीला मुदत होती. मी पहिल्याच दिवशी अर्ज दिला आणि सवयीप्रमाणे पोच घेऊन फायलीला लावली. मग वाट बघत बसले. विचारायला गेलं की साहेब मीटिंगला, साहेब सांगलीला, साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, नव्यांना प्रकरण समजून घ्यायचं आहे. मधल्या काळात जुन्या बाजाराभोवती पत्रे लागले, खोदाई झाली आणि बाजार तात्पुरता म्हणून बायपासच्या पलीकडं एका पडीक मैदानात हलवला. तात्पुरता म्हणजे दोन पावसाळे. गुडघाभर चिखल आणि गिऱ्हाईक नावाला. नव्या बंगल्यांतली माणसं तेवढ्या लांब कशाला येतील? त्यांच्या दारात टेम्पो यायला लागले.

गंमत अशी की त्या चिखलात ओळ जशीच्या तशी बसली. आई पहिली. लिंबंवाली शेवटाकडं, सगळ्यांनी सरकून करून दिलेल्या जागेवर. यादीत काय लिहिलंय याची तिथं कुणाला आठवणही नव्हती. मी मात्र तिथं गेले की मला आईपुढच्या चिखलात पिवळा एक दिसायचा, आणि कुणाशी धड बोलवायचं नाही.

माझ्या हरकतीची सुनावणी लागली तेव्हा मंडईच्या ओट्यांचं काँक्रीट पडून वाळलं होतं. साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, बोलायला अगदी सभ्य. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग माझा अर्ज वाचून म्हणाले, "यादीत चूक कुणाची म्हणता?"

"माझी."

"म्हणजे तुम्ही खोटी नोंद केली?"

"खोटी नाही. त्या दिवशी बसली होती तीच."

"मग नोंद बरोबर आहे."

"पण जागा तिची नव्हती, साहेब. माझ्या आईची होती."

"जागा कुणाचीच नव्हती, बाई," ते शांतपणे म्हणाले. "रस्ता होता तो."

मी त्यांना रीत सांगायला लागले. पहिली जागा, भवानी, तराजू. सांगता सांगताच मला कळत होतं की हे कागदावर येणार नाही. त्यांनी मधे तोडलं नाही, हे खरं. शेवटी विचारलं, "तुमच्या आई त्या वेळी नेमक्या कुठं होत्या?"

"तिच्या मागं बसल्या होत्या. तराजू धरून."

"म्हणजे मदतनीस," ते म्हणाले आणि समासात तसं लिहून टाकलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं ज्या जागेवर बसून तिनं मला शिकवलं, तिथं तिला मदतनीस करून टाकायला या माणसाला एक शब्द पुरला. आणि त्याला तो शब्द मीच पुरवला होता. मी विचारलं, एक ओटा वाढवता येईल का? नाही. ओटे यादीप्रमाणे बांधलेत. एका ओट्यावर दोघींची नावं? नाही. एक ओटा, एक परवाना. मग काय करता येईल? साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तुम्ही मोजणी करणाऱ्या. तुम्हीच लेखी देत असाल की एक नोंद चुकली, तर मला सगळी यादी पुन्हा तपासावी लागेल. तोवर वाटप थांबेल. द्या, मी थांबवतो."

दिलं. तिथंच त्यांच्या टेबलावर कागद घेऊन लिहून दिलं आणि सही केली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा अर्ज त्या कचेरीत लगेच मंजूर झाला.

वाटप थांबल्याची बातमी मैदानात पोचायला दोन दिवस लागले. रविवारी दुपारी ओळीतल्या सात-आठ बायका आमच्या घरी आल्या. मी सतरंजी घातली, चहा टाकला. चहा संपला. मग चवळीवाली म्हातारी म्हणाली, "बाई, तुमचं खरं हाय. आक्काची जागा हाय ती, कोन न्हाई म्हनतंय? पर आमी चिखलात बसून कुजाय लागलोय. माझी भाजी टेम्पोवाल्याला फुकट घालतीया मी. तेवढा कागद मागं घ्या."

"आणि आईनं कुठं बसायचं?" माझा आवाज चढला.

"आमी सरकू की," एकीनं म्हटलं. "आक्काला आमी उभी ठेवू व्हय?"

सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. सरकू की, त्यात काय, आजवर कुणाला जागा झाली न्हाई असं झालंय का. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.  दाराशी बसलेली लिंबंवाली उठून माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "बाई, माझं नाव काढा. मी म्हाईतच न्हवते ओळीला. आक्कांनी बसवलं म्हून बसले. माझं काढा नि आक्कांचं घाला, मग कुनाचंच अडायचं न्हाई."

तसं करता आलं असतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी साहेबांना विचारलंच नाही. कारण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती कडाडलीच. "बस खाली! दोन पोरं हायत तुला. नाव काढा म्हनं. दिल्यालं कुनी काढून घेतंय व्हय?" मग माझ्याकडं वळून तितक्याच कडक आवाजात, "आनी तू. उद्या जा नि तो कागद मागं घे. माझ्यापायी साऱ्या बाजाराला चिखलात बसवाय निगालीस?"

सोमवारी शाळेतून रजा काढून गेले आणि कागद मागं घेतला. साहेबांनी तोही तेवढ्याच सभ्यपणानं मागं घेऊ दिला.

मंडईचं उद्घाटन झालं. फुगे, फ्लेक्स, भाषणं. मी गेले नाही. पहिल्या गुरुवारी मात्र आईला स्कूटरवरून मीच घेऊन गेले. तिनं रात्रीच सांगितलं होतं, लवकर जायचं, नव्या जागेची सवय नाही. वांगी तिनं नेहमीसारखी तेलाचा हात फिरवून चकचकीत केली होती. नवं गोणपाट घेतलं होतं. बसायचं कुठं याची तिला काही चिंता दिसत नव्हती. 

मंडई दिसायला चांगली होती. पांढऱ्याशुभ्र फरश्या, वर पंखे. ओटे कमरेइतके उंच, चढायला बाजूला दोन अरुंद पायऱ्या, आणि दोन ओट्यांच्या मधे गुडघाभर उंचीची पक्की भिंत. बायकांनी जागेवरून भांडू नये म्हणून भिंती घातल्या असं मला तिथं उभ्या असलेल्या ओव्हरसिअरनं कौतुकानं सांगितलं. चाळीस वर्षांत जागेवरून झालेलं एक भांडण मला आठवेना. स्वच्छतागृह होतं, वरच्या मजल्यावर, दुकानगाळ्यांच्या टोकाला. त्याला कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडं होती आणि वॉचमन चहाला गेला होता.

आई टोपली घेऊन एक नंबरच्या ओट्यापाशी गेली. लिंबंवालीनं तिला बघितलं आणि ती खाली उतरायलाच लागली. "आक्का, या. तुमी बसा."

"तू बस गं," आई म्हणाली, आणि ओळीकडं तोंड करून, नेहमीच्या खणखणीत आवाजात, "सरका गं जराशा!"

आणि त्या सरकल्या. मी डोळ्यांनी बघितलं. एकीनंही टाळाटाळ केली नाही. पहिल्या ओट्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्याजणींनी गुडघे पोटाशी घेतले, टोपल्या ओढल्या, अंग चोरून एका अंगाला झाल्या, आणि प्रत्येकीची कूस आपापल्या भिंतीला जाऊन टेकली. प्रत्येक ओट्यावर दुसऱ्या अंगाला वीतभर जागा रिकामी झाली. प्रत्येकीच्या भिंतीच्या आत, वेगवेगळी वीतभर. त्यात कुणाला बसता येणार होतं? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चवळीवाली म्हातारी भिंतीवरून हात फिरवत होती, जणू तिला पहिल्यांदाच कळत होतं की ती हलत नाही.

"आनी थोडं सरका," कुणीतरी पाठीमागून म्हणालं. पण आता सरकायला काही उरलं नव्हतं.

लिंबंवाली रडायला लागली. आईनं तिच्या पाठीवर थोपटलं. मग टोपली खाली ठेवली, मंडईच्या दाराबाहेर जाऊन फूटपाथवर गोणपाट अंथरलं आणि बसली. चार गिऱ्हाइकं झाली असतील नसतील, तेवढ्यात नगरपंचायतीची गाडी भोंगा वाजवत आली. ओटे दिलेले असताना फूटपाथवर बसणाऱ्यांवर कारवाई होईल, असं भोंग्यावरून पुन्हा पुन्हा सांगत होते. मी त्या गाडीपुढं जाऊन उभी राहिले, तावातावानं बोलले, काय बोलले ते आता आठवत नाही. गाडीतला माणूस म्हणाला, "बाई, पास दाखवा आणि आत बसवा. आमचं काय भांडण हाय का?" माझी फाईल घरी कपाटात होती. आणि तिथं असती तरी तिच्यात पास नव्हता.

मी वळले तोवर आईनं गोणपाट झटकून घडी घातली होती. "चल," ती म्हणाली. "वांगी उन्हात नरम पडतील."

ती स्कूटरवर माझ्या मागं बसली, टोपली मांडीवर घेऊन. नवा रस्ता खरंच रुंद आहे. दोन्ही बाजूला दिव्यांचे खांब, मधल्या दुभाजकात कण्हेर लावलेली. आम्ही हळदीच्या दुकानावरून गेलो. आता तिथं पायरी नाही, फूटपाथ दुकानाला भिडला आहे. मालक गल्ल्यावर बसले होते. आईनं त्यांच्याकडं बघून मान हलवली असावी, कारण त्यांनी हात जोडले. मी सारखी बोलत होते. साहेबाला शिव्या, ओव्हरसिअरला शिव्या, आराखड्याला, त्या भिंती घालणाऱ्याला. वर अर्ज करू, कलेक्टरपर्यंत जाऊ, पेपरात देऊ.  स्टँडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा आईनं माझ्या खांद्याला हात लावला.

"एक इचारू?"

"विचार की."

"तवा तू वही घिऊन आलीस. जागा कुनाची ती तुला ठावं हुतं न्हवं?"

"हो."

"मग मला कशापायी इचारलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळलेलं नव्हतं, आणि इतके दिवस ती त्याच्यावर विचार करत असली पाहिजे. उत्तर मला माहीत होतं. लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून. बाकी काही कारण नव्हतं. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला. मी गाडी पुढं काढली.